गाड्यावर कुणीच बसत नाही, मग बैलगाडा शिकायचा कुठे?

घाटाच्या पायथ्याशी चार बैल जुंपून तयार असतात. पाच-सहा जण त्यांना धरून उभे असतात. पुढे घोडीवर एक पोरगा लगाम आवळून मागे बघत असतो. निवेदक माईकवरून गाडामालकांची नावं पुकारतो, कुणीतरी भंडारा उधळतो आणि 'भिर्रर्र' होते. धरणारे बाजूला उड्या मारतात. घोडी सुटते, तिच्यामागे बैल सुटतात आणि साधारण अकरा ते चौदा सेकंदांत सगळं संपतं. वरच्या टोकाला निशाण पडतं, घड्याळ थांबतं आणि पुढच्या गाड्याचं नाव पुकारलं जातं.

पहिल्यांदा घाट बघणाऱ्याच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. त्या गाड्यावर माणूस नसतो. कासरा धरणारा नसतो आणि हाकणाराही नसतो.

पिंपरी-चिंचवड, चाकण, खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यातली बैलगाडा शर्यत अशी असते. कंपनीत शिफ्ट करणाऱ्या, मोशी-चिखलीत फ्लॅट घेतलेल्या कितीतरी जणांना या खेळाची ओढ आहे. कुणाच्या आजोबांचा गाडा होता, तर कुणी मोबाईलवर बाऱ्या बघून वेडा झालाय. 'आपलाही गाडा असावा' असं वाटलं की पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची हा. बहुतेक जण उत्तर देतात, 'बैल घे'. हे उत्तर का चुकीचं आहे, कायदा काय म्हणतो, घोडीची भूमिका काय आणि नवख्याने कुठल्या क्रमाने पुढे जावं, हे समजून घेऊ.

घाट, बारी आणि जुगलबंदी म्हणजे काय?

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शर्यतीच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात. ही धावपट्टी चढाची असते. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. या एका धावेला 'बारी' म्हणतात. कुणाची बारी कितवी, हे टोकन काढून ठरतं. सगळ्यात कमी वेळेत घाट चढणारा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो.

गाड्याला चार बैल असतात. दोन पुढच्या जोडीला आणि दोन मागच्या, म्हणजे धुरेच्या जोडीला. गाडा म्हणजे शेतातली बैलगाडी नव्हे, तो शर्यतीसाठीच बांधलेला हलका सांगाडा असतो.

सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूरकडची शर्यत वेगळी असते. तिथे सपाट मैदानात छकडे पळतात, एका छकड्याला एकच जोडी असते, छकड्यावर हाकणारा असतो आणि अनेक छकडे एकत्र सुटतात. त्यामुळे युट्यूबवर सांगलीकडचं मैदान बघून शिकलेला माणूस खेडच्या घाटात आला की गोंधळतो. आधी कुठला प्रकार खेळायचा ते ठरवा. या लेखात आपण घाटाबद्दल बोलतोय.

नवख्यासाठी कामाचा शब्द म्हणजे 'जुगलबंदी'. चारही बैल एकाच मालकाचे असायला हवेत असं नाही. दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र आणून एक गाडा जुंपतात, आणि निवेदक सगळ्यांची नावं घेतो. एकच चांगला बैल असलेला माणूसही घाटात उतरू शकतो तो यामुळे. पण तुमचा बैल आपल्या गाड्याला जुंपायला दुसरा मालक तेव्हाच तयार होतो, जेव्हा त्याला बैलाबरोबर तुमचीही खात्री असते.

बंदी का आली आणि उठली कशी?

हा भाग टाळून गाडा करता येत नाही. कारण आज घाट सुरू आहेत ते अटींवर.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० सालचा. या कायद्याखाली, खेळ किंवा प्रदर्शनासाठी कुठले प्राणी वापरायचे नाहीत याची यादी केंद्र सरकार जाहीर करू शकतं. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेत या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याबरोबर बैलही आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूच्या प्रकरणात निकाल देताना बैलांच्या शर्यतींवरही बंदी कायम केली. जनावराला वेदना आणि भीती देऊन पळवणं ही परंपरेच्या नावाखाली चालू द्यायची गोष्ट नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

२०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि अटींसह शर्यतीला वाट करून दिली. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यापासून सरकारला रोखलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अंतिम निकाल येईपर्यंत राज्याच्या नियमांनुसार शर्यती घ्यायला मुभा दिली. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

म्हणजे साडेसात वर्षं घाट कायद्याने बंद होते. तेवढ्या काळात अनेकांनी बैल विकले, काहींनी दावणीला बांधून नुसते पोसले आणि काहींनी चोरून शर्यती घेऊन गुन्हे ओढवून घेतले. २०२३ च्या निकालाने परंपरा मान्य केली. पण कायदे वैध ठरले ते मुख्यतः यासाठी, की त्यांतल्या अटींमुळे जनावरांचे हाल कमी होतील असं न्यायालयाला वाटलं. त्या अटी कागदावरच राहिल्या, तर निकालाचा आधारच उरत नाही.

नियम काय सांगतात?

नियमांचा बहुतेक भार आयोजकांवर असतो, पण गाडामालकालाही ते ठाऊक असायला हवेत. मुख्य गोष्टी अशा:

शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. आयोजकांना ५० हजार रुपयांची अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते.

धाव १ हजार मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. आपले घाट त्याहून बरेच लहान असतात, त्यामुळे ही अट इथे फारशी अडत नाही.

बैल पळायला तंदुरुस्त असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. आजारी, जखमी किंवा थकलेला बैल जुंपता येत नाही.

काठी, चाबूक, आर लावलेली पराणी, विजेचा झटका, तिखट, नशा आणणारे पदार्थ, शेपटी पिरगाळणं किंवा चावणं, यातलं काहीही चालत नाही.

अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून कुठल्याही घाटात टोकन घेण्याआधी यात्रा कमिटीला स्पष्ट विचारा, 'परवानगीचा कागद आहे का?' विचारताना संकोच वाटू देऊ नका. मुरलेले गाडामालकही विचारतात.

मग सुरुवात कुठून करायची?

सुरुवात गोठ्यातून करायची, तीही दुसऱ्याच्या.

याचं कारण लेखाच्या सुरुवातीलाच आलंय. घाटात गाड्यावर माणूस नसतो. क्रिकेटपटू मैदानात चूक सुधारू शकतो, जॉकी धावताना घोडा सावरू शकतो. बैलगाड्यात 'भिर्रर्र' झाल्यावर मालकाच्या हातात काहीच उरत नाही. बैल सरळ पळेल का, जोडीदाराला धरून पळेल का, गर्दीला बुजेल का, वर गेल्यावर थांबेल का, हे सगळं त्याआधीच्या महिन्यांमध्ये ठरलेलं असतं. म्हणजे शिकायचं ते त्या बारा सेकंदांच्या आधीचं.

समजा, तुम्ही चाकणला नोकरी करता आणि जनावरांचा अनुभव नाही. ओळखीतून एखादे जुने गाडामालक शोधा. या पट्ट्यात नाना, आबा, तात्या म्हणून ओळखले जाणारे असे लोक गावोगाव आहेत. त्यांना 'मला शर्यत शिकवा' म्हणू नका. 'सुट्टीच्या दिवशी गोठ्यावर आलो तर चालेल का?' असं विचारा. पहिले काही महिने शेण काढणं, वैरण टाकणं, बैल धुणं, पाण्यावर नेणं एवढंच करा. बैल तुमच्या हाताला सरावतो आणि तुम्ही त्याचं अंग ओळखायला लागता. त्याने कान कधी टवकारले, रवंथ का थांबवला, कुठला पाय उचलून धरला, हे वाचता येऊ लागलं की अर्धं शिक्षण झालं.

मग यात्रेत त्यांच्याबरोबर जा. गाडीत बैल चढवणं-उतरवणं, सावली शोधणं, पाणी पाजणं, जुंपताना धरणं ही कामं करा. त्यातही धरणाऱ्याचं काम सगळ्यात धोक्याचं असतं. चार बैलांच्या तोंडाशी उभं राहायचं आणि नेमक्या क्षणी बाजूला व्हायचं. हे काम कुणी सांगितल्याशिवाय अंगावर घेऊ नका. आणि वरच्या टोकाला, जिथे गाडा थांबतो तिथे, मोबाईल घेऊन धावपट्टीत कधीही उभे राहू नका. घाटातल्या प्रेक्षकांचे अपघात बहुधा असेच होतात.

एक पूर्ण हंगाम असा काढल्यावरही हौस टिकली, तर बैलाचा विचार करा.

बैल घेताना काय बघायचं?

शर्यतीचा बैल म्हटलं की पहिलं नाव खिलारचं. सांगली, सातारा, सोलापूर या माणदेशी टापूतली ही जात चपळ, काटक आणि तापट आहे. म्हसवड, खरसुंडी, पुसेगाव, सांगोला इथल्या यात्रा आणि बाजार तिच्यासाठी ओळखले जातात. आपल्या भागात चाकणचा जनावरांचा बाजार जुना आहे. पण नवख्याने पहिला बैल बाजारातून एकट्याने घेऊ नये, जाणकार माणूस बरोबर असावा.

वय दातांवरून बघतात. दुधाचे दात असलेला खोंड म्हणजे 'आदत'. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की पहिले दोन कायमचे दात येतात. त्याला 'दुसा' म्हणतात. मग चौसा, सहा दाती, आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमाराला सगळे दात 'जुळतात'. आदत खोंड स्वस्त मिळतो आणि आपल्या हाताने घडवता येतो, पण त्याची हाडं अजून वाढत असतात. त्याला लवकर जुंपून जोरात पळवलं, तर सांधे आयुष्यभरासाठी बिघडतात. जुळलेला, पळून नाव झालेला बैल महाग असतो, आणि नवख्याला तो आवरेलच असं नाही.

पाय आणि खूर नीट बघा. कठीण जमिनीवर चालवून बघा, लंगडत असेल तर कळतं. कानातला बारा अंकी बिल्ला तपासा आणि त्याची नोंद आपल्या नावावर करून घ्या. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी या रोगांच्या लसींची माहिती विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी पसरल्यावर राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यतीही थांबवाव्या लागल्या होत्या. एका आजारी बैलाने आख्खा हंगाम बुडू शकतो.

खर्चाचा हिशोबही बैल घेण्याआधी मांडा. मोठ्या जनावराला रोज त्याच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो. म्हणजे चारशे किलोच्या बैलाला दहा ते बारा किलो. त्यात कडबा, हिरवी वैरण, पेंड, भरडा सगळं धरा. त्यावर औषधपाणी, गोठ्याचं भाडं, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आणि प्रत्येक यात्रेला गाडीभाडं. शर्यत वर्षातले थोडेच दिवस असते, खाणं मात्र ३६५ दिवस. बक्षिसाच्या भरवशावर हा हिशोब बसवू नका.

काठी नाही, मग बैल पळवायचा कसा?

गावात काही जण अजूनही म्हणतात, 'काठीशिवाय बैल पळत नाही'. ज्या खेळात गाड्यावर हाकणारा माणूसच नसतो, त्या खेळात हे खरं कसं असेल? बैल पळतो तो सवयीने, जोडीदाराच्या साथीने आणि पुढच्या घोडीच्या ओढीने.

सरावाचा क्रम साधारण असा असतो. आधी हाताने चालवणं. मग रिकाम्या जुवाची सवय. मग शांत, अनुभवी बैलाबरोबर जुंपून नुसतं चालणं. त्यानंतर हलका चढ. दम वाढवायला अनेक जण विहिरीत किंवा तळ्यात बैल पोहायला लावतात, कारण त्यात पायांवर भार येत नाही. पूर्ण वेगाची धाव सगळ्यात शेवटी आणि मोजकीच. रोज जोरात पळवलेला बैल घाटात दमलेला असतो.

गर्दी, डीजे, फटाके यांची सवय हा वेगळा धडा आहे. गोठ्याच्या शांततेतून थेट यात्रेत नेलेला बैल पळतो तेव्हा तो भीतीने पळतो. भ्यालेला बैल सरळ पळत नाही, तो गर्दीत घुसतो. आधी दोन-तीन यात्रांना त्याला नुसतं नेऊन बांधा.

दमल्याची खूण ओळखायला शिका. निवांत बैल मिनिटाला दहा ते तीस वेळा श्वास घेतो. धावल्यावर तो वाढणारच, पण सावलीत उभं करूनही बराच वेळ खाली येत नसेल, जीभ बाहेर असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर त्या दिवशी पुन्हा जुंपू नका. यात्रांचा हंगाम उन्हाळ्यात शिरतो आणि घामाने अंग थंड करणं बैलाला घोड्याइतकं जमत नाही. फायनलची बारी सोडायला मन धजत नाही, हे खरं. पण गाडामालकाची परीक्षा तिथेच होते.

पुढच्या घोडीचं काम काय?

घाटातली घोडी ही या खेळाची खास गोष्ट. ती गाड्याला जुंपलेली नसते. स्वार तिला बैलांच्या पुढे धरतो आणि बैल तिच्यामागे झेपावतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी निमगाव दावडीच्या घाटात गाड्यापुढे घोडी धरली, तेव्हा हा प्रकार राज्यभर चर्चेत आला होता.

लांबून हे काम सोपं दिसतं. प्रत्यक्षात स्वाराला एकाच वेळी पुढची वाट आणि मागचे बैल दोन्ही सांभाळायचे असतात. घोडी फार पुढे गेली तर बैलांची ओढ तुटते, मागे राहिली तर चार बैल आणि गाडा अंगावर येतो. पडलेल्या स्वाराला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी रीतसर घोडेस्वारी शिका. चाल, दुडकी, भरधाव दौड आणि थांबवणं, हे सगळं खोगीर, रिकीब आणि डोक्यावर शिरस्त्राण घेऊन जमलं पाहिजे. स्वार अल्पवयीन नसावा, हे तर सांगायलाच नको.

घोडी घेण्यासाठी नंदुरबारमधलं सारंगखेडा आणि नांदेडमधलं माळेगाव हे राज्यातले नावाजलेले घोडेबाजार. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची नावं सगळे घेतात. पण भीमा नदीच्या खोऱ्यातली, धनगरांनी सांभाळलेली काटक 'भीमथडी' ही आपल्याच मुलखातली जात आहे. अलीकडेच तिची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली. घोडीला धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्स या जीवघेण्या रोगाची रक्ततपासणी करून घ्या. ग्लँडर्स माणसालाही होऊ शकतो. आणि २०१७ ची दुरुस्ती बैलांच्या शर्यतीसाठी केलेली आहे, त्यामुळे घोडी धरण्याआधी आयोजकांच्या परवानगीत घोडीबद्दल काय अट आहे ते वाचा.

घोडागाडीची शर्यत करता येईल का?

ज्यांना बैलांपेक्षा घोड्यांची ओढ आहे, ते हा प्रश्न विचारतात. जगात घोडागाडी हाकण्याची रीतसर स्पर्धा आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ, म्हणजे एफईआय, तिचे नियम ठरवतो. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप महासंघाचे अध्यक्ष असताना हा प्रकार उभा राहिला आणि १९७२ मध्ये जर्मनीत म्युन्स्टरला पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिचे तीन भाग असतात. पहिल्यात ठरलेल्या आकृत्यांमध्ये गाडी नेमकी आणि डौलात चालवायची. दुसऱ्यात लांब पल्ल्यावर अडथळ्यांतून वाट काढायची आणि मध्ये पशुवैद्यक घोडे तपासतात. तिसऱ्यात शंकूंच्या जोड्यांमधून चेंडू न पाडता गाडी न्यायची. नुसत्या वेगाला तिथे किंमत नाही. नवखा माणूस बहुतेकदा गाडीच्या मागच्या पायरीवर मदतनीस म्हणून उभा राहून सुरुवात करतो. आपल्याकडे गोठ्यातून करतात तशीच.

आपल्या पट्ट्यात टांगे संपले आणि घोडागाडी उरली ती लग्नाच्या बग्गीपुरती. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. त्यांच्याही बाबतीत प्रश्न घोड्यांच्या हालांचाच होता. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, महाराष्ट्राची २०१७ ची दुरुस्ती फक्त बैलगाड्यांसाठी आहे. घोडागाडी तिच्या छत्राखाली येत नाही. प्रेक्षकांसमोर घोड्यांचा कार्यक्रम करायचा तर २००१ च्या नियमांनुसार प्राण्यांची नोंदणी लागते, आणि १९६० चा कायदा तर आहेच. पहाटे महामार्गावर घोडागाड्या पळवून व्हिडिओ काढणं हा कुठल्याही नियमात न बसणारा, जनावराला आणि माणसाला मारणारा प्रकार आहे. घोडागाडीची खरी आवड असेल तर चांगल्या अश्वशाळेत स्वारी आणि घोड्याची निगा शिका. दुसरा सरळ रस्ता सध्या नाही.

कारखान्यांच्या पट्ट्यात हा खेळ टिकला कसा?

चिखली, मोशी, चऱ्होली ही गावं १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पुढे चाकणला मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. शेतं गेली, नांगर गेला, उरलेल्या शेतात ट्रॅक्टर आला. बैलाचं शेतातलं काम संपलं. मग बैल दावणीला राहिला तो शर्यतीमुळे आणि मालकाच्या मानासाठी. ज्यांच्या जमिनींना पैसे मिळाले त्यांच्यातल्या काहींनी तो पैसा या हौसेत घातला. मे २०२२ मध्ये चिखलीत झालेल्या मोठ्या शर्यतीत तर जेसीबी यंत्रापासून दुचाकींपर्यंत बक्षिसं होती.

याला दोन बाजू आहेत. शर्यत आहे म्हणून या भागात देशी बैल दिसतो, खिलार खोंडाला भाव मिळतो, तरुण पोरं पहाटे उठून गोठ्यात जातात. पण बक्षिसं मोठी झाली की घाईही वाढते. झटपट नंबर हवा म्हणून काठी, औषध, नशा यांचा मोह होतो. आणि बैल पळेनासा झाला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. बैल पंधरा-वीस वर्षं जगू शकतो, घाटात तो त्यातली मोजकीच वर्षं पळतो. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे उरलेली सगळी वर्षं त्याला पोसायची जबाबदारी मालकाची. बैल घेण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारा: हा हरला, लंगडा झाला, म्हातारा झाला, तरी माझ्या दावणीला राहील का? उत्तर 'हो' नसेल, तर प्रेक्षक म्हणून घाटात या, मनमुराद ओरडा आणि घरी जा. त्यात कमीपणा नाही.

थोडक्यात क्रम काय?

एक हंगाम दुसऱ्याच्या गोठ्यात काम. मग यात्रेतली मदतनिशी. मग जाणकाराच्या सल्ल्याने एक बैल, त्याचा बिल्ला, लसी आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज. वर्षभर काठीशिवाय सराव. मग विश्वासातल्या मालकाशी जुगलबंदी, आणि परवानगी असलेल्या घाटात पहिली बारी. चार बैलांचा स्वतःचा गाडा त्यानंतरची गोष्ट.

पहिल्या बारीला तुमचा बैल कदाचित मधेच थांबेल, कदाचित वेळ फारच वाईट येईल. तेव्हा घड्याळाकडे आणि निवेदकाकडे नंतर बघा. आधी घाटाच्या वर जा, बैलाची वेसण हातात घ्या, पाय तपासा, सावलीत न्या आणि पाणी दाखवा. तुम्हाला गोठ्यात घेणारे नाना-आबा तेव्हा लांबून बघत असतील. पुढच्या वेळी तुमचा बैल आपल्या गाड्याला जुंपायचा की नाही, हे ते त्यावरूनच ठरवतील.